सक्करदऱ्याच्या मंडपातली साक्ष

हॅलो?… हो, मिशन दवाखानाच. मी जयवंता आया बोलून राहिली… अवं कुसुम, तू? उमरेडवरून ट्रंककॉल? घरी सारे बरे आहेत ना?… हं… हो, खरं आहे. तुया भाऊजीनं नाही म्हटलं त्या नोकरीले.

येडे नाही झाले वं… ऐक ना आधी! तीनच मिनिटं भेटतात!

पगार होता, मुंबईले खोली होती, सारं होतं. पण काम काय होतं, ते सांगितलं का तुले कोणी?… नाही ना? एका मोटारवाल्या उपदेशकासंग गावोगाव फिरायचं. मंडपात उभं राहून साक्ष द्यायची, का बा मले टीबी होता, मी औषध फेकलं, नुसत्या प्रार्थनेनं बरा झालो.

…केलीच ना प्रार्थना! रोज केली. पण नव्वद इंजेक्शनं कोणी घेतली? मी इथंच तर होती त्यायच्या खाटेपाशी.

खोटं कशाले बोलू, मीबी म्हटलं त्यायले, बोलून टाका, देवाचंच नाव होते ना. मनातल्या मनात त्या खोलीले निळे पडदेबी लावले मी…

ह्यायनं भाकर खाल्ली आन काल दुपारी सक्करदऱ्याच्या मंडपात गेले. मले वाटलं, मानले. पुढंच बसली मी. माइक हातात आला आन म्हणे, "देवानं मले वाचवलं, ते दवाखान्याच्या हातानं. मी एकबी इंजेक्शन चुकवलं नाही, एक दिवस प्रार्थना चुकवली नाही. तुमीबी औषध सोडू नका." बस. उतरले खाली.

…उपदेशकसाहेब काय म्हणतीन! माइक ओढला आन गाणं सुरू केलं.

मी? रागानं रस्ताभर पुढं पुढं चालली. मग तेच म्हणाले, "जयवंता, किती जण खोकून राहिले होते तिथं! माझं ऐकून एकानंबी औषध सोडलं असतं, तर मुंबईच्या खोलीत मले झोप लागली असती का?"… पाळकबाबा म्हणतात ना, पैशाचा लोभ शिरला का माणूस देवालेबी धंद्याले लावते. दर रविवारी मान हलवते मी. माझ्याच घरात शिरला, तवा ओळखला नाही.

…नाही वं, मन मारून नाही बोलत. भाकर आहे, भिवापूरची मिर्ची आहे, अंगावर धड लुगडं आहे. आन माझा माणूस घरी हातमागावर लुगडं विणत गुणगुणून राहिला. आणखी काय पाह्यजे? सुखी आहो मी, कुसुम.

…कुसुम? बोल ना… रडतेस काहून?… कोण? तुये मालक? महादेवराव? कवापासून खोकतात?… आन औषध?… उमरेडच्या मंडपातून आल्यावर सोडलं? त्याच उपदेशकाच्या?… देवा!

बरं, रडू नको. उद्या पहिल्या बसनं घेऊन ये त्यायले… लाज कशाची वं? हे येतीन स्टँडवर. हेच समजावतीन… हो ऑपरेटर, झालंच, झालंच… काय? प्रार्थना? करू ना, दोघी मिळून करू, खाटेपाशी बसून. पण सुई टोचू देजो म्हणा आधी… कुसुम? पहिली बस, ऐकलं ना?… हॅलो?… हॅलो?