चोरीस न गेलेल्या नळाबाबत

नाव वर नोंदवले आहे. वय ५३, व्यवसाय वार्ताहर, राहणार पाण्याच्या टाकीसमोरील इमारत, डावा जिना, दुसरा मजला. समक्ष हजर राहून, पूर्ण शुद्धीवर आणि काहीसा ओशाळून सांगतो की,

मी वरील ठिकाणी आत्यासह राहतो. तरुणांना हाताचे काम शिकवून रोजगार देण्याच्या राष्ट्रीय धोरणावर मी आजवर विपुल लिहिले आहे. त्याच काळात आमच्या स्वयंपाकघरातला नळ अखंड गळत होता.

आज दुपारी घरी आलो तेव्हा दार उघडे होते. आत्या दिसली नाही. सिंकपाशी एक अनोळखी मुलगी पाना घेऊन बसली होती आणि आमचा नळ सुटा होऊन तिच्या मांडीवर होता. सकृद्दर्शनी चोरी वाटल्याने मी बाहेरून कडी घातली व पोलिसांना फोन केला. ('सकृद्दर्शनी'ऐवजी 'बघताक्षणी' लिहू का, असे हवालदारांनी विचारले. माझी हरकत नाही.)

आतून ती ओरडत होती, "काका, मी प्लंबर आहे! परीक्षा चालू आहे माझी!"

"हल्ली चोरांचीही परीक्षा घेतात काय?" असे मी म्हणालो, हे खरे आहे.

मुलीने फोन करून ठाण्यात बोलावलेल्या परीक्षक मास्तरांकडून कळले ते असे. नव्या धोरणाप्रमाणे शेवटची परीक्षा वर्गात नव्हे, तर वापरातल्या जागी, तिथल्या माणसांच्या संमतीने द्यायची असते. मुलीला उजव्या जिन्याने जायचे होते, ती डाव्याने चढली. मास्तर उजवीकडे वाट बघत बसले. पास झाली तर उद्यापासून तिला इस्पितळाच्या देखभाल खात्यात नोकरी आहे. पण घरच चुकल्याने परीक्षा रद्द करावी लागेल, असे मास्तर म्हणाले. मुलगी पाना पुसत राहिली.

शेजारच्या घरी गप्पा मारत बसलेल्या आत्याला ठाण्यात बोलावण्यात आले. ती म्हणाली, "हेच ना घर, असं विचारलं तिनं. मी म्हटलं, हेच. मास्तर येतील मागून, तू लाग कामाला. आपणहून दारात आलेला प्लंबर परत पाठवायला मी काय खुळी आहे? तुझ्या लेखांनी नळ थांबला असता तर गोष्ट वेगळी!"

हे विधान जबाबातून वगळण्याची माझी विनंती हवालदारांनी नाकारली.

तेव्हा ठाणे अंमलदार बाईंनी मास्तरांना विचारले, "ही जागा वापरातली आहे ना?"

"आहे की."

"मग आमच्या मोरीतला नळ घ्या परीक्षेला. अर्ज करून करून थकलो आम्ही. संमती माझी."

हा जबाब सुरू झाला तेव्हा मागे थेंबांचा आवाज येत होता. लिहून घेणारे हवालदारही याला साक्षीदार आहेत. आता येत नाही. मास्तरांनी नळ पुन्हा पुन्हा उघडून बंद केला, खाली वाकून पाहिले आणि "पास," एवढेच म्हणाले. मुलीने आधी आत्याला मिठी मारली, मग चुकून अंमलदार बाईंनाही. पान्यावरचे पाणी माझ्या सदऱ्यावर उडाले. त्याबाबत तक्रार नाही.

माझी कोणाविरुद्धही फिर्याद राहिलेली नाही. आमचा नळ अद्याप सुटा आहे, एवढे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर मुलगी म्हणाली, "जाता जाता बसवून देते, काका. फक्त कडी घालू नका."

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. आत्यानेही तो ऐकला असून, लेखांबद्दलचा भाग विशेष बरोबर असल्याचे तिचे म्हणणे आहे.