तिला कसलं टेन्शन?

नेरूळला स्किनच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत अस्मिताला शेजारच्यांचं बोलणं ऐकण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता. शेजारच्या बाकावर एक बाई पित्ताच्या गांधी खाजवत होती आणि नवरा तिचा हात धरून होता.

"गोजरा, खाजवू नको."

"डॉक्टर म्हनला, टेन्शननं पन पित्त उठतं."

"तुला कसलं टेन्शन? खोल्यांचं भाडं येतं, मी दिवसभर घरातच हाय."

"व्हय."

"कोलबी बंद केली, आमसुलाचं पानी लावलं. तरी उठतंच!"

"कराव्याला आईकडं रोज कोलबी खाल्ली. काय नाय उठलं."

"म्हंजे तिकडची हवा तुला मानवते. जा, महिनाभर राहा."

"खरंच?"

"मग! या टायमाला मी पन येतो."

"अवो, नंबर कदी लागंल? मानेवर पन उठलं."