वाक्यांची शेपटं

जोन : जपून ओढा भावजी. ती कागदाची गुंडाळी खिडकीच्या फटीतून निघाली की घरात वारा शिरतो. बारा वर्षं तुमच्या राजानंच आमची थंडी थोपवलीय.

अँब्रोज : माझं नाटक तुम्ही फटीत कोंबलंत?

हंफ्री : नाटक नाही, नुसतं माझं राजाचं काम, माझ्या वाक्यांपुरतं. अख्ख्या नाटकाची वही कंपनीच्या पेटीत होती आणि पेटी नाटकघराबरोबर जळाली. त्यात माझा काय दोष? मी तेव्हा मंचावर मरून पडलो होतो. छप्पर पेटलं तरी मेलेलाच राहिलो.

अँब्रोज : दाढी पेटल्यावर उठलास.

हंफ्री : दाढी कंपनीची होती.

जोन : आज बारा वर्षांनी कशाला हवीय ती?

अँब्रोज : कंपनी ते नाटक पुन्हा लावतेय वहिनी. सगळ्या नटांकडच्या गुंडाळ्या गोळा करून मी शनिवारपर्यंत ते जुळवून द्यायचं. जेवढं सापडणार नाही तेवढं तो ऑक्सफर्डला शिकलेला रुपर्ट भरणार. त्याला त्यात अस्वल घालायचंय.

जोन : अस्वल चांगलं असलं तर मी येईन.

हंफ्री : किती जमल्या?

अँब्रोज : सात. तिसऱ्या पहारेकऱ्यानं तर त्याची रेशमी रुमालात जपून ठेवली होती. रडत रडत माझ्या हातात दिली. आत लिहिलंय, 'होय महाराज.'

हंफ्री : दोनच शब्द, पण खणखणीत म्हणायचा. आणि सध्या तू काय लिहितोयस?

अँब्रोज : महापौरांच्या मिरवणुकीत एक देवमासा आहे. त्याचं भाषण.

जोन : मासा बोलतो?

अँब्रोज : आत माणूस असतो. तो म्हणाला, तोफांच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही, यमक नाही जुळलं तरी चालेल.

हंफ्री : मग माझ्याकडे कशाला आलास? राजाचं बोलणं तुला पाठ असेल. राजकन्येचं काम शोध, ते अवघड. ते करायचा त्या निककडे जा.

अँब्रोज : निक मागच्या साथीत गेला. अंथरुणाबरोबर त्याचे सगळे कागद जाळले. म्हणून तर तुझ्याकडे आलो. ती बोलते ते सगळं राजाशीच बोलते. तुझ्या गुंडाळीत तिचं काहीतरी असणार.

हंफ्री : अरे, तूच लिहून द्यायचास ना? समोरच्याच्या बोलण्याचं नुसतं शेपूट. शेवटचे तीन शब्द. ते कानावर आले की आपण तोंड उघडायचं.

अँब्रोज : ते तीन तरी वाच.

हंफ्री : हे बघ. '...थंड आहे पाणी.' मग मी, 'बोल मुली, राजा ऐकतो आहे.' मग तिचं, '...आईला सांगू नका.' पुढचं उंदरांनी नेलं. माझा राज्यत्याग होता तिथे.

अँब्रोज : आणि या दोन शेपटांच्या मधलं?

हंफ्री : मधलं मला कसं ठाऊक असणार?

अँब्रोज : चाळीस प्रयोग केलेस. दोन हात अंतरावर उभं राहून तुझ्याच तोंडाकडे बघून बोलायची ती.

हंफ्री : मी ते तीन शब्द कधी येतात याकडे कान लावून असायचो. मध्ये जेवणाचा विचार करायचो.

अँब्रोज : चाळीसही वेळा?

हंफ्री : शुक्रवारी माशाचा.

जोन : एवढं काय त्यात? नवीन लिहा की भावजी. देवमाशासाठी शब्द सुचतात तुम्हाला.

अँब्रोज : ते मी लिहिलंच नव्हतं वहिनी. आमची लेक सिसली तापात बोलत होती, आठवडाभर. कंपनी मागे लागली होती आणि मला मुलीचं काम सुचत नव्हतं. मी उशाशी बसून उतरवत गेलो. ती थांबली तेव्हा काम पुरं झालेलं होतं.

जोन : आणि ते कागद?

अँब्रोज : कंपनीला दिले. तेव्हा घरात नको वाटले.

हंफ्री : अँब्रोज, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

अँब्रोज : सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?

हंफ्री : निदान शुक्रवारी नसतो जेवलो.

जोन : अहो, पण तिथे लोक गप्प व्हायचे ना? मी दारावर पैसे गोळा करायची, मला बाहेर कळायचं. अक्रोडाची कवचं फोडणं बंद, खोकणं बंद. इतकी माणसं, आणि एकाचाही आवाज नाही. मला वाटायचं, हे ओळ विसरले.

अँब्रोज : कुठे? कुठल्या जागी?

जोन : ती आईला सांगू नका म्हणायच्या आधी. चांगला बराच वेळ. काळजीनं मी आत डोकावायची, तर ती दारापर्यंत न पोचणाऱ्या आवाजात बोलतेय आणि हे नुसते उभे.

अँब्रोज : मग तेवढी जागा मी कोरी सोडतो. लिहितो, इथे राजा ऐकतो.

हंफ्री : रुपर्ट अस्वल घालेल तिथे.

अँब्रोज : मग अस्वलानंही ऐकावं. घे, म्हण तुझं वाक्य. एकदा मोजून बघू किती वेळ लागतो.

हंफ्री : बसून नाही येणार. काठी दे. हं. 'बोल मुली, राजा ऐकतो आहे.'

(हंफ्री उभा. कुणी बोलत नाही.)

जोन : वारा फार येतोय हो. ती गुंडाळी परत लावू का फटीत?

हंफ्री : थांब जरा. तिचं अजून संपलं नाही.