दादाचा डच पूर्वज

हा डच पूर्वज मी आवडीने शोधतोय, असं वाटतं ना तुम्हाला? तो नाद थोरल्या भावाचा, दादाचा. आपल्या घराण्याचे घारे डोळे वेंगुर्ल्याच्या वखारीतल्या कुणा डचाकडून आले, असं तो म्हणायचा. दादा गेला, तेव्हा दहाव्याला आमच्या गावी, डिंगोऱ्यात, नदीवर कावळा पिंडाला शिवेना. वहिनीला सांभाळतो म्हटलं, पोरीचं लग्न करतो म्हटलं. तासभर काही नाही. शेवटी चुलते म्हणाले, "आरं, त्याचा डच ऱ्हायलाय. 'मी हुडकतो' म्हण."

मी म्हटलं, आणि कावळा खाली उतरला.

तेव्हापासून जुनी दप्तरं चाळून दमलो. परवा विचारलं, "काका, सोडू का आता?"

"सोड की. पण म्होरल्या महिन्यात वर्षश्राद्ध हाय. कावळा तोच यायचा."