माय म्हने, पल्याडच्या कायद्यानं न्या

माहा जलम आदिलाबादकडल्या बेला गावाजवळच्या खेड्यातला, पैनगंगेच्या काठावरचा. बा वांगे-मिरच्या लावे अन् माय पाटी घेऊन बाजारात बसे. तवा आमच्याकडं निजामाचं राज, अन् नदीच्या पल्याड वऱ्हाड, तिथं इंग्रजाचं. इंग्रजानं कायदा केलता म्हने का बारक्या पोरीचं लगन लावाचं नाई. मंग काय, उन्हाळ्यात नदी आटली का पल्याडचे लोक बंड्या जुपून अल्याड येत, आमच्या मारुतीपाशी लगन लावून वापस जात, इकडं कोनी इचारत नव्हतं. बाच्या वांग्याले गिऱ्हाईक भेटे, त्याले बरंच वाटे.

माहंबी असंच लागलं, पल्याडच्या घरी, मी नऊ वर्साची असंन. काय सांगू तुमाले, मले लगनातली फक्त बुंदी आठवते. रिवाज असा का लगन झालं तरी पोरगी मोठी होईस्तोवर मायबापाजवळच राहाची. पन दोन वर्सांतच सासरे बंडी घेऊन हजर. म्हने सून मोठी दिसून राह्यली, आमची म्हातारी थकली, घरात हात पाह्यजे, धाडा. बा लगेच तयार, इवायापुढं त्याचं तोंडच उघडत नसे. मी कोठीमागं जाऊन बसली.

माय मोठी खट, बाजारात भाजी इकनारी बाई ते. म्हने इवाई, पोरगी राहीन कुठं, अल्याड का पल्याड? सासरे म्हने, आमच्या घरी, पल्याड. मंग कायदाबी पल्याडचाच लागंन ना, माय म्हने, लगनाले तुमी नदी ओलांडली, आता संसार काय नदीत करान? ठाण्यात कोनी सांगितलं तं? सासरे चपापले. कायदा किती वर्साचा हे कोनालेच ठावं नव्हतं, कोनी बारा म्हने, कोनी चौदा, आमचा पटवारी म्हने सोळा असंन. मायनं सोळाच धरले. मंग सासरे माहं वय वाढवत, पोरगी तेराची दिसते, अन् माय उतरवे, कुठची तेराची, पटकीच्या साली झाली, अजून दहा भरले नाई. मी अकराची व्हती, पन जलमाचा कागद कोनाजवळ व्हता? दोघं वांग्यावानी घासाघीस करून राह्यले. शेवटी सासरे भाकर खाऊन रिकामी बंडी घेऊन गेले.

दर वर्सी ते येत अन् माय दर वर्सी तेच सांगे. आयाबाया नावं ठेवत, पोरगी घरात ठेवून काय लोनचं घालते का म्हने. मायनं कोनाचं आयकलं नाई. तिले सोताले बारक्यापनी सासरी धाडलं व्हतं, ते तिनं मले एकदाच सांगितलं, अन् सांगताना माह्याकडं पाह्यलं नाई.

मंग माहं सोळावं सरलं, तवा एक दिवस मळ्यात निंदता निंदता माय म्हने, जाशीन का वं आता? पोरीले असं कोनी इचारत नव्हतं बावा. मी म्हनलं, मिरच्या तोडून झाल्या का जाईन. माय हासली, मंग पदर डोळ्याले लावला.

मालक गुनाचे भेटले. अन् सासऱ्याची गंमत पाहा, येईन त्याले सांगत, आमची सून कायद्यानं आनलेली हाये.

आता वापस अल्याड, बेल्यात लेकाजवळ राह्यते, सुखात हाये मी. नात आदिलाबादले शाळेत मास्तरीन हाये, तिचा बाप लगनासाठी तिच्या मागं लागे. परवा तिचाच फोन आला, आजी, मी पोरगा पाह्यला, मले पसंत हाये. मी म्हनलं, बाई, माह्या मायले कोनी इचारलं नाई, मले तिनं इचारलं, अन् तू तं इचाराची वाट न पाहता सांगून राह्यली. सुखी राह्य.