साहेबांचं अर्धं वाक्य

…आणि वर मलाच विचारतात, तुला मध्ये बोलायला कुणी सांगितलं होतं? आता हे कुणी सांगायला लागतं? माणूस माईकसमोर अर्धं वाक्य बोलून थांबलाय, अंगणभर लोक त्याच्या तोंडाकडे बघतायत, उरलेले शब्द मला येतायत, आणि मी गप्प बसू? यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या ऑफिससारखे अर्ध्यावरच माना डोलवाल. मी शिकले परदेशात. राज्यकारभार कसा करावा, याचंच शिक्षण. तिथे नोकरी मिळत होती, पण म्हटलं नाही, शिकलो ते आपल्या लोकांच्या कामी यायला हवं, आणि सगळं सोडून परत आले. दारात आईचं पहिलं वाक्य काय? "अगं, निदान बॅगेची चेन तरी धड लावून यायचीस." माझ्या त्यागाचं आमच्या घरी झालेलं स्वागत ते एवढंच.

आल्या आल्या कळलं, ताईचं प्रसूतिगृह बंद होणार. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, तिथे नर्स आहे. सरकारी, जुनं, भिंतींचे पोपडे निघालेले, पण नदीपलीकडच्या सगळ्या वस्तीला तेवढं एकच. मोठं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि बाळं काही सिग्नल सुटायची वाट बघत नाहीत. त्या जागेवर एका बिल्डरला गाड्या लावायची सात मजली इमारत उभारायची होती. प्रस्ताव आरोग्यमंत्र्यांच्या टेबलावर. आणि आरोग्यमंत्री कोण? आमच्या बाबांचे वर्गमित्र. म्हटलं, मग काय, झालंच काम. बाबांना घेऊन थेट बंगल्यावर. साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "एवढी शिकलेली पोरगी, आपल्याकडे भाषणं लिहायला जर…" आणि चहा प्यायला लागले. मी बाबांकडे बघितलं. बाबा हळूच म्हणाले, "लागली तुला नोकरी."

तुम्हाला सांगते, हा माणूस माझ्या जन्माआधीपासून मंत्री आहे. सरकारं पडली, प्रमुख बदलले, एकदा तर अख्खा पक्ष बदलला, साहेब आपले मंत्रीच. शेती झाली, रस्ते झाले, शिक्षण झालं, आता आरोग्य. मला वाटायचं, असं काय असेल या माणसात? आठवड्यातच कळलं. साहेब वाक्य पूर्ण करत नाहीत. एक कंत्राटदार आला. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यासारख्याचं काम आमच्या हातून झालं नाही, तर मग आम्ही…" तो डोळे पुसत गेला. मागोमाग त्याचा वैरी आला. "अहो, त्या माणसाला काम द्यायचं म्हणजे उद्या लोकांना आम्ही कुठल्या तोंडानं…" तोही डोळे पुसत गेला. दोघंही आजतागायत साहेबांना मानतात.

सभेत मात्र हे जमवायला दोन माणसं लागतात. दुसरे म्हणजे मामा. माझे नव्हेत, कुणाचेच नव्हेत, पण सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणतं. साहेबांचे जुने सहायक. फाइल त्यांना सापडत नाही, फोन त्यांच्याकडून कटतो, पण साहेबांचं वाक्य जिथे तुटतं, तिथे त्यांची टाळी पडते, आणि त्या टाळीमागे सगळी सभा. वाक्याचं शेपूट त्या गडगडाटात वाहून जातं. "मॅडम, वाक्य साहेबांचं, टाळी आपली," मामा मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "मधलं जे काय असेल ते ज्याचं त्यानं घरी न्यावं." मला इतका राग आला. मी भाषणं लिहायचे ती पूर्ण वाक्यांची, आणि साहेब पेन घेऊन एकेकाचं क्रियापद उडवायचे. माझ्या डोळ्यांदेखत. यात माझं काय चुकलं, सांगा बरं.

मग तो दिवस आला. प्रसूतिगृहाचा वर्धापनदिन. अंगणात मांडव, पत्रकार, कॅमेरे, बाळांना घेऊन आलेल्या आया. पहिल्या रांगेत ताई, इस्त्रीच्या गणवेशात, दोन्ही हात मांडीवर घट्ट. सकाळी निघताना एवढंच म्हणाली होती, "आज काहीतरी बोलतील ना गं ते?" सूत्रसंचालन माझ्याकडे, म्हणजे दुसरा माईक माझ्या हातात. साहेब रंगात आले. "मी आज या माउलींसमोर सांगतो, मी या खात्यात असेपर्यंत हे प्रसूतिगृह…"

आणि शांतता.

टाळीच नाही. मी मामांकडे बघितलं. तर मामांच्या दोन्ही हातांत बाळ. कुणा एका आईनं फोटोसाठी म्हणून त्यांच्याकडे दिलेलं, चार दिवसांपूर्वी जन्मलेलं, आणि ती आई कॅमेरावाल्याला शोधायला गेलेली. मामा पुतळ्यासारखे उभे. साहेब मामांकडे बघतायत, मामा हनुवटीनं बाळ दाखवतायत. साहेब खोकले. पाणी प्यायले. परत म्हणाले, "हे प्रसूतिगृह…" मामांनी बिचाऱ्यांनी पाय आपटून पाहिला, तर बाळ दचकलं, मग तेही सोडून दिलं. दुसऱ्या कुणाची हिंमत होईना, कारण इतक्या वर्षांत पहिली टाळी मामांशिवाय कधी कुणी वाजवलीच नव्हती. पंखा तेवढा कुरकुरतोय. पत्रकारांची पेनं वर थांबलेली. आणि ताई, तिचे ओठ हलत होते हो, ती ते वाक्य मनातल्या मनात पूर्ण करत होती. आणि मी माईक तोंडाशी नेला.

"…बंद होऊ देणार नाही."

मांडव कोसळेल असं वाटलं. ताई सगळ्यांच्या आधी उठली. साहेब हसले, पोस्टरवर हसतात तसे, म्हणजे फक्त दातांनी.

गाडीत आम्ही तिघं. पुढच्या सीटवर मामा, शर्टावर बाळानं काढलेलं दूध. मी मनात राजीनामा लिहितेय, तोही पूर्ण वाक्यांत. शेवटी साहेब म्हणाले, "काय केलंस, कळतंय का पोरी?"

मी म्हटलं, "काका, तुमच्या मनातलंच बोलले."

"माझ्या मनात काय होतं, ते अजून मलाच ठरवायचं होतं." मग खिडकीबाहेर बघत, अगदी हळू आवाजात: "तो बिल्डर कधीचा वाट बघतोय. तुझी ताईही वाट बघतेय. मी त्याला हो म्हटलं नाही, तिला नाही म्हटलं नाही. तेवढ्या काळात प्रसूतिगृहात किती बाळं जन्मली, विचार तिला. अर्ध्या वाक्यावर चाललं होतं गं सगळं. आता तू ते पुरं केलंस. आता कुणालातरी निर्णय घ्यावा लागणार."

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी सलग एवढं बोलले. मी काय खोटं बोलले होते? यात माझं काय चुकलं?

संध्याकाळीच सरकारच्या प्रमुखांचा फोन आला. बिल्डर आधीच त्यांच्याकडे जाऊन बसला होता. मामा आणि मी साहेबांच्या खोलीबाहेर उभे. आतून साहेबांचं नुसतं "हो… हो… आपल्याला तसं वाटत असेल तर…" आणि गंमत बघा, या वेळी वाक्य पलीकडून पूर्ण झालं. दुसऱ्या दिवशी साहेबांचं खातं बदललं. आरोग्य गेलं, वाहतूक आलं. आणि साहेब वर मला म्हणतात, "मी शब्द मोडला का? खात्यात होतो तोपर्यंत बंद नाही झालं."

नवे आरोग्यमंत्री तरुण. माझ्यासारखेच बाहेर शिकलेले. पत्रकारांनी विचारलं, तर सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "प्रसूतिगृह या महिन्याअखेर बंद करण्यात येईल." स्वच्छ, सुटसुटीत वाक्य. कर्म, क्रियापद, काळ, सगळं जागच्या जागी. मी टीव्हीसमोर बसून त्यात खोट शोधत होते. एकही सापडली नाही.

ताईची बदली झाली, शहराच्या त्या टोकाला. मला वाटलं बोलेल, टाकून बोलेल, निदान दार तरी आपटेल. ती डबा भरत म्हणाली, "सगळे हळहळतायत, पण तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही हं. एवढ्या वर्षांत एकच बाई स्पष्ट बोलली, म्हणतायत." वस्तीतल्या आयांनी मिळून माझा सत्कार ठरवलाय म्हणे. मी म्हटलं, अगं नको, सांग त्यांना, आणि एवढी माणसं बसणार तरी कुठे?

तर म्हणाली, "जागेचा प्रश्नच नाही. प्रसूतिगृह रिकामंच आहे आता."