डेअरिंग आणि दुसरा ब्रेक

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या बाई, ज्यांना आपण सगळे पाठीमागे ब्रेकताई म्हणतो आणि हे ज्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि समोर बसलेल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना ‘हे दिसतंय का, आता दिसतंय का’ एवढंच विचारतो. त्याहून लांब बोलायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मला ‘डेअरिंग’ या शब्दाविषयी बोलायचं आहे. शब्द इंग्रजी खरा, पण आपल्याकडे त्याला परका कोण समजतं? माझी बायको तो मिठासारखा वापरायची. मी परवाची भाजी खाल्ली की, “काय डेअरिंग आहे हो तुमची.” तिने सासूबाईंना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला, की ती तिची डेअरिंग.

बाईंकडे मात्र हा शब्द ओरडा खाण्याचा. बायको त्यांच्याकडे शिकायला गेली आणि पहिल्याच दिवशी गाडी ट्रकच्या पुढे काढायला निघाली. बाईंनी आपल्या पायाखालचा दुसरा ब्रेक दाबला. म्हणाल्या, “डेअरिंग घरी ठेवून यायची.”

“मग गाडीला ती लागतच नाही?”

“लागते ना. मागचा हॉर्न वाजवत असताना थांबून राहायला लागते.”

ती उत्तम शिकली. मी कायम शेजारच्या सीटवर. गेल्या वर्षी ती गेली आणि गाडी खाली नुसती उभी राहिली. लेक म्हणाली, “बाबा, विकून टाका. तुमची नाही होणार डेअरिंग.” पटलं मला. गिऱ्हाईकही आलं. पण सीट अजून बायकोच्या उंचीला लावलेली होती. ते गृहस्थ ती मागे सरकवायला लागले, आणि मी म्हणून गेलो, गाडी विकायची नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो. रस्त्यात आम्हाला जाताना पाहिलेलं, त्यांनी ओळखलं. “तुम्ही शेजारी बसायचात ना?”

“हो.”

“या इकडच्या बाजूला. आता मी बसते शेजारी.”

बरेच दिवस गाडी त्यांचा ब्रेकच चालवत होता म्हणा. मग एका सकाळी, भर चौकात, पाहतो तर बाई सीटवर मांडी घालून बसलेल्या.

“बाई, ब्रेक?”

“तुमच्याकडे आहे की. समोर बघा.”

आता मला सांगा, ही डेअरिंग नक्की कुणाची?

आज सीट मी माझ्या हाताने मागे सरकवली आणि तिची गाडी इथवर आणली. लेक शेजारी होती. दाराचं हँडल तिने इथे पोचेपर्यंत सोडलं नाही.

बाई, तुमचे आभार. मला बोलू दिल्याबद्दल मालकांचेही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि फाटकासमोर जी पांढरी गाडी तिरकी उभी आहे, ती माझी. तिच्यामुळे कुणाची गाडी अडकली असेल, तर त्याचीही माफी असावी. मागे घेणं माझं अजून कच्चं आहे. समारंभ आटोपला की बाईंनी एकदा शेजारी येऊन बसावं, एवढी विनंती.

मांडी घालून.